भिंतीला हात

नोव्हेंबरात आमच्या फ्योर्डमध्ये सूर्य येत नाही.
डोंगराआडून निघून जातो,
दाराशी न थांबणाऱ्या देणेकऱ्यासारखा.

सकाळचे आठ. उघडा तलाव, जमिनीतून आलेलं ऊन पाणी,
वर वाफ, वाफेत बावीस टोप्या.
काठावर मी: लोकरी मोजे, दुखरा गुडघा, शिट्टी.
तेविसावा सोल्व्ही,
पायरीवर बसलेला, घोट्यापर्यंतच पाण्यात,
परक्या घरी कॉफी नको म्हणत बसावं तसा.

त्याच्या कागदांत लिहिलंय: झोप कमी.
पोट दुखतं, गणित असलं की जास्त.
मित्र, या रकान्यात नुसती रेघ.
महिन्यातून एकदा, रस्ता मोकळा असला तर,
शहरातून बाई येतात, विचारतात,
"गेल्या आठवड्यात किती दिवस उदास वाटलं?"
तो खिडकीकडे बघतो.
खिडकीत अंधार, अंधारात तोच.

मला असं विचारता येत नाही.
माशांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेली मी,
एवढंच कळतं की बोटं गोठली तर हात हलवत राहायचे.
म्हटलं, समोरच्या भिंतीला हात लाव आणि परत ये.
सोमवारी. बुधवारी. शुक्रवारी.
भिंत कुठे जात नाही.

तीन आठवडे तो ओल्या स्वेटरसारखा पोहला.
डिसेंबरात एकदा मध्येच थांबला,
दोरीला लटकून रडला.
वाफेत कुणाला दिसलं नाही.
मला दिसलं. मी शिट्टी खिशात टाकली.
शेजारच्या लेनमधून उग्ला म्हणाली,
"माझ्यापण गॉगलमध्ये पाणी जातं,"
आणि पाय मारत पुढे गेली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही.
गणित अजून येत नाहीच.
वादळाने तलाव बंद राहिला त्या बुधवारी
पोट पुन्हा दुखलं.
पण आई सांगते, हल्ली दुसऱ्यांदा बटाटे मागतो,
आणि दिवा चालू ठेवूनच झोपून जातो,
पुस्तक नाकावर पालथं.

जानेवारीत बाई आल्या,
कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसल्या. तोच प्रश्न.
सोल्व्हीच्या केसांतून कागदावर थेंब पडत होते.
त्याने पेन्सिल चावली, विचारलं,
"पोहायचे दिवस धरायचे, की वगळायचे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी ओले टॉवेल मोजत होते.
चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.