डागी माल

वकील म्हणाले, कामाला होते याचा एखादा कागद?
मी म्हटलं, बोट आहे की ओ.
म्हणजे, नाही. तेच तर सांगते.

एकोणीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एकाच शेडमध्ये,
सात नंबरचा माग, आठ नंबरचा माग, दोन्हींमध्ये एक माणूस.
हजेरीपट नाही, कार्ड नाही, फंड नाही.
शनिवारी पैसे मुठीत.
मोजून घ्यायचे, सही कुठंच नाही.

त्या दिवशी लाइट गेली होती.
ताण्यातला धागा तुटलेला,
बॅटरी तोंडात धरून सांधायला वाकले.
लाइट आली.
ह्याच्या पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.
मोराची चादर होती मागावर,
एवढं मात्र दोनदा सांगितलं.

सिव्हिलमध्ये शेठ आले. मोसंबी आणली.
तेलुगूत म्हणाले, मन इंटी मनिषी,
आपल्या घरचा माणूस,
मार्कंडेय बघून घेईल.
पाच हजार उशीखाली सारले.

आता कोर्टात लेखी उत्तर दिलंय, मराठीत:
सदर इसम आमच्याकडे कधीही कामास नव्हता.
पोरीकडून तीनदा वाचून घेतलं.
चार महिन्यांत घरचा माणूस इसम झाला.

कायद्यात तक्ता आहे म्हणतात.
तर्जनी, मुळापासून: चौदा टक्के.
करंगळीला सात. अंगठ्याला तीस.
कुणीतरी बसून मोजलं असेल,
स्वतःचा हात टेबलावर ठेवून मोजलं असेल का?
मग गाठ किती टक्के?
तुटलेला धागा अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीनं वळवायचा,
पापणी लवायच्या आत गाठ.
एकटा अंगठा काय करणार, नुसता उठवायला बरा.

उरलेले शहाऐंशी टक्के दारात बसून असतात.
बशी डाव्या हातानं धरतात.
शेजारच्या घरातला माग खटखटला
की आहेत ती बोटं मांडीवर
काहीतरी सांधत राहतात.

मी विड्या वळते. बायकोच्या कार्डावर घर चाललंय.
हजार घेऊन गेलं की पहिली छाट निघते,
आणि छाटीचा आकडा बरोब्बर मांडला जातो.
आईनं एकच शिकवलं होतं मला:
राजमणी, कापलेल्याचा कागद टाकू नको.
देताना तोंडानं देतात,
कापताना लिहून कापतात.

म्हणून ज्वारीच्या डब्यात ती चिठ्ठी होती.
हे दवाखान्यात असताना राहिलेले पैसे आणायला गेले होते,
नोटांबरोबर मुनिमानं हातात दिलेली:
अंजय्या दुडम, माग नं. ७,
चादर नग १, डागी माल,
कपात रु. २४०.
खाली तारीख. तारखेवर शिक्का.

वकिलांनी ती उलटी केली, सुलटी केली.
पंख्यानं उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं.
मग विचारलं, डाग कशाचा होता?
मी म्हटलं, तुम्हीच सांगा ओ.

तीन झेरॉक्स काढल्या. पुढची तारीख पडली.
जीत झाली असं नाही, शेठचा वकील मोठा आहे.
मुनीमही आता त्या शेडमध्ये नाही,
शिक्का हरवला होता असंही म्हणतील.
रिक्षात बसल्यावर वाटलं,
ती चादर सेकंडात निघाली असेल, निम्म्या भावात,
कुणाच्या तरी पायाशी असेल,
धुऊन धुऊन आता नुसता मोर.

रात्री भाकरी मोडून देताना ह्यांनी विचारलं,
चिठ्ठीत काय लिहिलंय?
म्हटलं, डागी माल.
बराच वेळ चटणीकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
तो धागा सांधून झाला होता ग.
लाइट यायच्या आधी
गाठ बसली होती माझी.