चहा मिळाला

ग्रिम्सबीच्या दफ्तरखान्यात शाईचं पेन चालत नाही,
शिसपेन्सिलच लागते.
म्हाताऱ्यांना बस साडेनऊनंतर फुकट,
म्हणून मी दहाला पोचते, कोट खुर्चीला अडकवते
आणि माझ्याच घरात शिरते
मागच्या दाराने.

एकोणीसशे अकरा. अमोस थर्कल, मासे धुरावणारा, वय चाळीस.
बायको हेफ्झिबा. झालेली मुलं नऊ, हयात चार.
पाचांची नावं शिरगणतीत विचारलेली नाहीत.
माझा जिना तेरा पायऱ्यांचा;
त्या दिवशी घरी येऊन वर जाताना
मी पाच पायऱ्यांवर उगाच थांबले.

मग लेगट नावाची विधवा, घरबसल्या जाळी विणणारी,
आणि तिच्या वरच्या खोलीत डेन्मार्कचा खलाशी,
ज्याचं नाव कारकुनाने तीन वेळा लिहिलं
आणि तिन्ही वेळा वेगळं.
मोरीची फरशी काढली तेव्हा मिळालेली हाडाची सुई
लेगटबाईंचीच, असं मी धरून चालते.
पुरावा नाही.
मी काही परीक्षेला बसलेली नाही.

तेहतीस ते पस्तीस: रिकामे.
मतदारयादीत रिकामे, घरपट्टीत रिकामे,
टाक कुठे अडखळलेला नाही.

पण गॅस कंपनीच्या वसुलीची वही
खोक्याच्या तळाशी होती, पाठीला बुरशी आलेली.
तिमाहीला एक माणूस दारोदार जायचा,
मीटरच्या पेटीतली नाणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतून मोजायचा,
समासात बारीक काहीबाही लिहायचा:
क्रमांक अकरा, कुत्रा.
क्रमांक पंधरा, पायरी फुटकी, जपून.
क्रमांक सतरा, दोन शिलिंग सात पेन्स.
चहा मिळाला.

सतरा म्हणजे मी राहते ते. रिकामं.

पुढच्या तिमाहीलाही: चहा मिळाला.
त्याच्या पुढच्या: चहा. साखर नव्हती.
अशा आठ नोंदी, आणि नाव एकदाही नाही.
त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?
दार कुणीतरी उघडलं असणार, कप पुढे सरकवला असणार,
तो नाणी मोजत असताना उभं राहिलं असणार कुणीतरी
ओट्याला पाठ लावून.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली मी,
डबा न आणलेलं पोर वहीत कसं लिहायचं नसतं
ते मला कळतं.

संध्याकाळी नगरपालिकेचा फॉर्म भरायला घेतला.
घरात प्रौढ व्यक्ती किती?
एक, मी लिहिलं. पेनने.
टॅम्सिन फेब्रुवारीत आली, एका पिशवीनिशी, फोन बंद करून.
रस्त्याकडचे पडदे ती ओढून घेते
आणि मी ते उघडत नाही.
पन्नास-साठ वर्षांनी कोट खुर्चीला अडकवून
कुणी ही पानं चाळलीच,
तर त्याला एक म्हातारी सापडेल, विधवा, एकटी.

मीटर आता लांबूनच वाचतात.
माणूस येत नाही, टेबलावर काही ओतत नाही,
समास तर नाहीच कुठे.

मी किटली भरते, दोघींपुरती.
ती वरून विचारते, कोण आलंय का?
कुणी नाही गं, मी म्हणते, साखर किती?
कोपऱ्यातल्या पेटीवर आकडा
जरासा वर सरकतो.