आस

गणेश पेठेत पहाटे साडेचारला
समुद्र थर्माकोलच्या खोक्यांतून उतरतो.
बर्फाचं अर्धं पाणी झालेलं,
झाकणावर निळ्या मार्करनं गावं: हर्णै, देवगड, मालवण.
माझ्याकडे फूटपट्टी, मेणकापडात गुंडाळलेला तक्ता
आणि तीन महिन्यांचं कंत्राट:
कोणती, किती, केवढी.

पहिल्या आठवड्यात शेवंता नगरे म्हणाली होती,
"मोजून काय, मेलेलं वाढतंय व्हय?"
आता ती आपणहून हाक मारते,
"ओ फूटपट्टी, हिकडं या."

आज तिनं मोरी चिरली.
पोटातून सात पिल्लं निघाली,
करंगळीएवढी, डोळे उघडे,
अंगाला सँडपेपरचा खरखरीतपणा आत्ताच आलेला.
तिनं ती पाटाच्या कडेला एका ओळीत ठेवली,
बालवाडीच्या दाराशी चपला असाव्यात तशी.
"ही कंच्या खान्यात लिवणार?"
तक्त्यात नर आहे, मादी आहे, लांबी, वजन, बंदर.
मी शेऱ्यात लिहिलं: सात.

खोक्यावर एक नंबर होता. लावला.
गंगाराम मेथर, मालवण, तेरा घरांची एक रापण.
मागे लाटा, की पंखा, कळलं नाही.
"भायर दिव्याचे बोटी सगळा खातत,
आमच्या वाट्याक काठ.
आणि काठार येता कोण? पोटुशी."
मी राखीव क्षेत्राचं विचारलं.
"पाटी लावली हा मरे. माशांक वाचूक येता?"
मग जरा थांबून,
"गेल्या साली कासवासाठी जाळा कापलंय.
फोटो काढूक इसारलंय, भरपाय गेली."
त्या पिल्लांचं?
"जाळ्याक डोळे खय असतत?
आस असता."

फोन ठेवल्यावर तो शब्द
माझ्या मराठीत येऊन वेगळाच बसला.
त्याच्याकडे भोक, दोन गाठींमधलं.
माझ्याकडे वाट पाहणं.

शेवंताला सांगितलं तर ती हसली नाही.
"माझ्या बापाच्या पागेचा आस दोन बोटांचा.
लकडी पुलाखाली टाकायचा.
मंग एक बोटाचा घेतला.
मंग आईच्या लुगड्याचा पदर धरून आम्ही पोरं पाण्यात.
शेवटी मच्छरदाणी.
मच्छरदाणीच्या वर्षी नदी द्यायचीच थांबली."
नदी नाल्यांनी मेली, मी म्हणालो,
तुमच्या मच्छरदाणीनं नाही.
ती सुरी पुसत म्हणाली,
"नाल्यांनी मारली. आमी हात धरले."

सात वाजता रास्ता पेठेतले एक गृहस्थ आले,
स्वेटर, कापडी पिशवी, डोळ्यांत जागरण.
"मोरी आहे का? लेक बाळंत झालीय काल.
दूध येतं म्हणतात."
मुलगी झालीय, हेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं.
शेवंतानं डाव्या हातानं ओल्या पोत्याचा कोपरा
पिल्लांवर ओढला
आणि उजव्या हातानं अर्धा किलो तोलला,
वर एक तुकडा जास्त.
मी फूटपट्टी खिशात घातली.
ती बाहेर डोकावत राहिली.

नऊला नळी सुरू झाली.
खवले, रक्त, बर्फाचा चुरा,
आणि पोतं उचललं तेव्हा तीही, सातही,
गटाराकडे सरकली.
गटार मुठेत जातं, मुठा भीमेत,
भीमा कृष्णेत, कृष्णा पूर्वेला.
पश्चिमेच्या समुद्रात जन्मायची होती ती
पूर्वेच्या समुद्राकडे निघाली, पाचशे कोसांवर,
असं मी मोठ्यानं म्हणालो, जरा कौतुकानंच.

शेवंतानं पाट उभा करून भिंतीला टेकवला.
"न्हाई पोचायची.
मधी उजनी लागती.
तितं भावाची जाळी हायेत."