डासांचं मंडळ

काउंटरमागची बाई चांगली आहे.
दर वेळी खुर्ची पुढे करते आणि म्हणते,
"मिस्टर टिलमन, आकडा मलाही सापडत नाही."

एका वहीत अकराशे शेहेचाळीस डॉलर,
संगणकात दोनशे बारा,
आणि ज्या कोर्टात शिक्षा झाली
तिथलं दप्तर वादळात भिजून लगदा झालेलं.
दंड भरायला मी तयार आहे.
किती, ते कुणी सांगेना.

चोरीची बोटींची इंजिनं विकली होती मी, खोटं कशाला बोलू.
सहा वर्षं आत होतो. वर चार महिने.

फॉर्मवर एक चौकोन आहे, नखाएवढा:
माझा मताचा हक्क मला परत मिळाला आहे.
तिथे खूण, खाली शपथेवर सही.
खूण चुकली तर तोही गुन्हा.
"मला सल्ला देता येत नाही," बाई म्हणते,
आणि साखळीला बांधलेलं पेन
हळूच स्वतःकडे ओढून घेते.
मी त्याला माया समजतो.

पेपरात एकदा फोटो पाहिला होता,
कुठल्याशा लांबच्या देशातली म्हातारी
शाईचं बोट वर करून हसतेय.
मलाही लागली होती शाई. दहाही बोटांना.
फोटोही काढला होता.
हसू नकोस म्हणाले.

मंगळवारी मिस युलालींना चर्चच्या हॉलवर सोडलं.
त्यांचे गुडघे गेलेत, दारापर्यंत हात दिला,
मग ट्रकमध्ये बसून राहिलो.
काचेवरच्या झडपेत फॉर्म खोचलेला,
तीन निवडणुका जुना, घामानं मऊ पडलेला.

त्या आल्यावर मी विचारलं,
डासांच्या मंडळाला कोण उभं होतं?

हसू नका. फ्लोरिडात आमच्या भागात
डास मारणारं मंडळही मतांनी निवडतात.
माझं घर दलदलीला लागून.
धुराची गाडी पुलापर्यंत येते आणि वळते.
चौदा वर्षं वळतेय.
मोठ्या खुर्चीवर कोण बसायचं ते बसो,
मला त्या पुलाबद्दल बोलायचंय.

"दोन नावं होती," त्या म्हणाल्या.
"पूल कुणाला माहीत आहे, ते काही छापलं नव्हतं."
मग?
"मग दुसऱ्याला दिलं.
पहिला माझ्या चुलतभावाचा जावई आहे."

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो.
गाडीचा आवाज आला, वाढला,
पुलापाशी थांबल्यासारखा झाला,
आणि वळला.
मानेवर एक बसला होता, मारला.
बोटाला लागलं ते माझंच.