घंटी

हिवऱ्याच्या फाट्यावर माह्यं पंक्चरचं दुकान.
रेवती मसराम सायकलीवर हेल्मेट घालते,
पानठेला हासते:
"पोरगी केवढी, पडन तं कुठून पडन?"
"छेचाळीसात डोस्कं शिजन तिचं.
दुपट्टा बांधाव, खिशात कांदा ठेवाव."
गुरुजी म्हन्तात, कायद्यात नाही.
वासनिक म्हन्ते, पयले रस्ता तं द्या.

मी बोलत नाही.
टपात ट्यूब बुडवतो, बुडबुडे पायतो.
रिम आऊट झाली तं तारा आवळून काढतो,
हँडल वाकलं तं गुडघ्यात धरून.

पोळ्याच्या कराले मोरेश्वरची सायकल आणली होती.
साधा ओरखडा नव्हता. घंटीबी वाजे.
दोन वर्सं झाले,
न्यायले कोणी आलं नाही.

रेवती हवा भराले थांबली.
म्हटलं, पट्टा ढिल्ला हाये,
आवळ.