ओमदात म्हणजे कारण

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
हिशेबाच्या वहीखाली मी डच भाषेचं पुस्तक ठेवते.
लाद्यांचा आकडा, टेम्पोचा आकडा,
मधेच एक शब्द.
पानांना बांगड्याचा वास.

परीक्षा मार्चात. पास झाले तर व्हिसा,
व्हिसा झाला तर रॉटरडॅम,
जिथे देवदत्त गाळ उपसणाऱ्या जहाजावर आहे
तीन वर्षं, दोन महिने.

नामांना तिकडे दोनच घरं: डे आणि हेट.
मुलगी हेट. म्हणजे नपुंसकलिंगी.
विचित्र वाटेल तुम्हाला, बाई स्क्रीनवरून म्हणाल्या.
मला नाही वाटलं. आमच्या मालवणीत
लग्न होईस्तोवर मीही 'तां चेडू'च होते.

'ग' घशातून काढायचा, काटा अडकल्यासारखा.
सासू आतून ओरडते,
"सुक्या भाताचो गोळो गीळ गो!"

म्हणी मी तिलाच सांगते, कोलंबी सोलताना.
दारासकट घरात पडणे: थेट मुद्द्यावर येणे.
"ही तर आमची शेवंतीवयनी," ती हसते.
बघत बघत मांजराला झाडावरून उतरवणे:
घाई न करता अंदाज घेत राहणे.
यावर ती काही बोलत नाही,
कोलंबीच्या पाठीतला काळा धागा ओढून काढते.

तिथली काही क्रियापदं तुटतात.
ओपबेलन, फोन करणे. वाक्यात घातलं
की 'बेल' पुढे राहतं, 'ओप' जातं टोकाला,
मधे मावतं काहीही:
उद्या, जेवण झाल्यावर, पाळी संपली की.
'ओप' ऐकू येईपर्यंत धरून चालायचं नाही.
गेल्या रविवारी आला नाही.

ओमदात म्हणजे कारण.
त्याच्यामागे क्रियापद शेवटी जातं,
अगदी आपल्यासारखं! वाचलं त्या दिवशी
सायकल हातात धरून मी वलंदेजांच्या वखारीसमोर उभी राहिले.
एवढी वर्षं होते इथे. माल मोजला, भिंती बांधल्या,
आणि हे कुणी कुणाला सांगितलंच नाही.

तोंडीला विचारतील: तिथे का जायचंय?
ओमदात माइन मान दार,
कारण माझा नवरा तिथे
(दार म्हणजे त्यांच्यात 'तिथे')
वोन्ट, राहतो.
वेर्क्ट, काम करतो.
वाख्ट, वाट बघतो.
तिन्ही बरोबर, बाई म्हणाल्या, कुठलंही घ्या.

टेम्पो लागतो. बारा लाद्या, मी लिहिते.
ओमदात माइन मान दार