पहिल्या खेपेला

गुरव, मंगळवारी तुझी पाळी,
म्हणून सांगून ठेवतो :
मोजे बिनभोकाचे घाल.
बूट दाराशीच काढायला लावतात,
आणि रुवीतल्या त्या थंडगार खोलीत
माझा डावा अंगठा पाऊण तास बाहेर डोकावत होता.

काउंटरवरची मुलगी ओमानी, बोलायला गोड,
पण तिच्या जिभेवर 'प' नाही.
पितांबर घाग आत गेला तो बितांबर होऊन.
मी ओ दिली.
एकवीस वर्षांत कशाकशाला दिलीय.

मग चार पानी फॉर्म.
ऑपरेशन? नाही. बीपी? थोडं.
कधी पडलात का?
इथं मी पेन चावत बसलो.
आंब्यावरून पडलो होतो, सातवीत. ते धरायचं का?
शेवटी लिहिलं : एकदा, लहानपणी.
झाडासाठी रकाना नव्हता.

तुला वाटत असेल
खाडीपलीकडच्या आपल्या हाडवैद्यासारखं काही,
आंबेहळद, कामट्या,
आणि बोंब मारायच्या आत काम फत्ते.
तसं नाही.
हा वजदी, इजिप्तमधल्या मन्सूराचा, आधी विचारतो.
काय उचलता, कुठल्या हातानं, किती वेळ उभे असता.
मी म्हटलं, टाइल्सचं गोदाम.
उचलतात पोरं. मी मोजतो.
पण मोजताना एखादी पेटी सरकवावी लागतेच.

नुसत्या चड्डीवर उभं करतो. लाजू नकोस.
मागून बघतो, बराच वेळ.
एक खांदा वर, एक खाली, म्हणाला.
असला माल आपण परत पाठवला असता.

कुठल्या कुशीवर झोपता?
डाव्या.
का?
का म्हणजे?
घल्याच्या कॅम्पात वरचा पलंग माझा,
उजवीकडे ट्यूबलाइट, डावीकडे भिंत,
आणि खाली रात्रपाळीवाल्यांचा पत्त्यांचा डाव.
अकरा वर्षं भिंतीकडे तोंड.
आता खोली माझी एकट्याची, दिव्याचं बटण माझ्या हातात,
तरी पलंग मी अर्धाच वापरतो.
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
बोलता बोलता निघालं तोंडून,
आणि त्याचं लिहिणं थांबलं.

टेबलाला तोंडापुरतं भोक असतं.
त्यातून त्याच्या चपला दिसतात, बाकी जग नाही.
मग हात.
दाबत नाही रे. ठेवतो.
पेंढ्यातला आंबा झाला का बघताना ठेवतात तसा.
किती तरी वेळ काहीच होत नाही.
मी मनात हिशेब करत होतो,
पंचवीस रियाल, गुणिले दोनशे, वर आणखी काही,
म्हणजे घराच्या मागच्या पडवीची कौलं.

तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
पाठ, मी भोकातून म्हटलं.
बाठ?
मी हसलो, बरगड्या हलल्या,
तर म्हणाला, हां, असाच घ्या श्वास, असाच.
बाठ म्हणजे काय ते सांगायचं राहून गेलं.
आंबे त्याच्याही देशात होतात म्हणे,
चोखून झाल्यावर काय उरतं
ते त्याला कळलं असतं.
पण मला डोळा लागला.
जागा झालो तेव्हा फरशीवर,
त्याच्या चपलेच्या नाकाशी, माझी लाळ.

मानेचा एकदा कडाका होतो. एकदाच.
हाड नव्हे ते. सोड्याच्या बाटलीसारखा
सांध्यात वायू असतो, असं तो सांगतो.
दोन दिवस अंग ठणकेल. पाणी पी. पेट्या सरकवू नकोस.
टॅक्सीत बसलास की मान वळवून बघ,
सिग्नलवरून ते बोडके डोंगर दिसतात.
मला ते इतकी वर्षं
आरशात उलटेच माहीत होते.

रात्री पलंगाच्या मधोमध झोपून बघितलं.
नाही जमलं.
दुसऱ्या खेपेला बघू, म्हणालाय.

आणि पावती मागून घे.
कंपनी पैसे देणार नाही,
पण माग.
तुझ्या नावात 'प' नाही, नीट लिहितील.